पर्पलहार्टचं धनुष्य

३ नोव्हेंबर, सोमवार
धनश्रीचं बांबूचं धनुष्य तडकलं. सात डिसेंबरला बीडला जिल्हा निवड चाचणी. पोरीसाठी नवं धनुष्य मी स्वतः करणार. बांबू नको. बांबूची शिडी पण होते. फॉरेनचं हार्डवुड घेणार. सत्तावीस वर्षं शाळेत पीटी शिकवली, एवढं जमायलाच पाहिजे.

५ नोव्हेंबर
तीन लाकडं शॉर्टलिस्ट. वेंगे काळं. इपे पाण्यात बुडतं. पर्पलहार्ट जांभळं. सुग्रीव सुतार म्हणाला, सर, धामणाचं लाकूड घ्या, लई लवतं, बैलगाडीला आमी तेच लावायचो. बैलगाडी आणि तिरंदाजीतला फरक याला कोण समजावणार? पर्पलहार्ट मागवलं. रंगासाठी नाही, ताकदीसाठी.

१४ नोव्हेंबर
फळी आली. मातकट आहे. उन्हात ठेवली की जांभळी होईल. सुग्रीव म्हणाला, लाकडाच्या रेषा तिरक्या हायत, वाकवली की तिथंच मोडणार. परदेशी झाडातलं त्याला काय कळतं! त्याचाच रंधा आणून मीच तासायला बसलो. दोन तासांत पातं बोथट. तळहाताला फोड. पाठ धरली.

२१ नोव्हेंबर
धनुष्य तयार. वाकत नाही. हीच तर ताकद. धनश्रीला ओढवत नाही म्हणून तिला दंडाचे व्यायाम लिहून दिले. तिनं कागद घडी घालून दप्तरात टाकला. सध्या कमीच बोलते. अभ्यासाचं टेन्शन असेल. संध्याकाळी तेजश्रीकडे जाते, वर्गातली मैत्रीण. जाऊ दे.

२७ नोव्हेंबर
थोडं तासायचं होतं, जास्त तासलं गेलं. आता वरची बाजू वाकते, खालची ढिम्म. नेटवर बघितलं, जपानी धनुष्याच्या पण दोन बाजू सारख्या नसतात. म्हणजे बरोबरच चाललंय. फार दमलोय.

२ डिसेंबर, सकाळी ११
मैदानावर तिसऱ्या ओढीला मोडलं. तुकडा धनश्रीच्या भुवईवर. चार टाके. डॉक्टर म्हणाले, डोळा बोटभर अंतरानं वाचला. कशानं लागलं विचारलं, तर मी म्हणालो, सराव करताना. धनश्री माझ्याकडं बघत राहिली.
आमच्या केजची हवा फार कोरडी. ब्राझीलच्या लाकडाला मानवत नाही.

४ डिसेंबर
इपेची चौकशी केली. आठ दिवस लागतील. चाचणीची तारीख पुढं ढकला म्हणून तिरंदाजी संघटनेला अर्ज लिहायला घेतला. बायको, सत्यभामा, म्हणाली, अगोदर पोरीला सॉरी म्हणा. अर्ज पूर्ण झाला की म्हणतो.

७ डिसेंबर, रविवार
उठलो तर धनश्री घरात नाही. सत्यभामा म्हणाली, सहाच्या एसटीनं गेली, तेजश्री आणि तिच्या आईसोबत. पंधरा दिवसांपासून तेजश्रीच्याच धनुष्यावर सराव करतीय. मला सांगू नको म्हणलेली.
दुपारी चार. सत्यभामाच्या मोबाईलवर धनश्रीचा फोन. तिसरी आली. राज्यासाठी निवड झाली. मी फोन घ्यायला हात पुढं केला, तेवढ्यात ती म्हणाली, पप्पांना एवढ्यात सांगू नको गं आई, ते परत धनुष्य करायला घेतील.
फोन स्पीकरवर होता. सत्यभामानं माझ्याकडं बघितलं नाही. मी कुठं बघावं, ते मला कळेना.