पाणवठ्याच्या भिंतीतला राजा

मी, इस्क्रा मिंचेवा, वय एक्क्याऐंशी, निवृत्त शिलालेख-अभ्यासक, राहणार गोर्नो लेसिचे, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहिते. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांची चौकशी करत नाही.

१. राहते घर आणि बँकेतली शिल्लक भाची कालिना हिला. तिने आलुबुखाराची झाडे तोडू नयेत. शेजारच्या पेत्कोला शिडी देऊ नये; आधीची अजून परत आलेली नाही.

२. अंगणातला पाणवठा, म्हणजे भिंतीतून सतत पडणारी धार आणि खाली दगडी कुंड, आजोबांनी लहानपणीच वारलेल्या माझ्या मित्को काकांच्या नावाने बांधला. त्याच्या भिंतीत पडक्या चर्चमधला कोरीव दगड बसवला. दगडावर मध्ययुगात आमच्या देशावर राज्य करणाऱ्या आसेन घराण्यातल्या राजाचे नाव आहे. तारखेची ओळ मात्र दगडी कुंडामागे दडली आहे. मी म्हणते, लेख तेराव्या शतकातला, अस्सल. माझे सहकारी स्वेतोझार बोयनोव म्हणतात, दीडशे वर्षांपूर्वी कुणा देशभक्त मास्तराने कोरला. या मतापायी लोकांनी त्यांना देशद्रोही ठरवले, तरी ते हटले नाहीत. मत चुकीचे आहे, माणूस सच्चा आहे.

कुंड हलवायचे तर पाणी बंद करावे लागते, आणि मेलेल्याच्या नावाचे पाणी बंद केले तर तो तिकडे तहानलेला राहतो. ते कधी बंद करणार नाही, असा आजीला मी शब्द दिला होता.

परवा स्वेतोझार म्हणाले, "तुझ्या काकाची तहान मोठी की माझी?"

"तुझी ब्रँडीनं भागते," मी म्हटले. ते हसले, पण नजर त्या कुंडावरच होती. मला फार वाईट वाटले.

३. सबब, माझ्या मृत्यूनंतर चाळिसाव्या दिवशी वाटायचे उकडलेले गहू वाटून झाले की स्वेतोझार यांनी कुंड हलवावे. कालिनाने अडवू नये. माझ्या शवपेटीत याच पाण्याची बाटली ठेवावी. काकांना पाणी मी स्वतः नेऊन देईन. तारीख कुणाच्याही बाजूने निघो, निबंध दोघांच्या नावाने छापावा, आणि माझ्या थडग्याशी येऊन निकाल मोठ्याने सांगावा.

स्वेतोझार यांना साक्षीदार व्हायचे होते. मृत्युपत्रात लाभ मिळणाऱ्याला होता येत नाही, असे मी म्हटल्यावर त्यांनी कागद ओढून वाचला.

"म्हणजे तारीख कळायला तू मरायला हवीस?"

"हो."

"मग नको मला ती तारीख. खोड ते कलम."

खोडलेले नाही. नाक पुसून झाल्यावर तेच म्हणाले, "निदान खाली तारीख तरी नीट घाल. उद्या माझ्यासारखा कुणी येऊन खोटं ठरवेल."

साक्षीदार: ग्रोझदान वेल्चेव, पेत्को रायकोव (शिडीवाले)
सही: इस्क्रा मिंचेवा
ठिकाण: गोर्नो लेसिचे
दिनांक: ९ ऑक्टोबर २०१९. अस्सल.