पायऱ्या दोनशे तेरा

ता. ४ फेब्रुवारी

ती. बाबा आणि ती. आई यांच्या चरणी सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे. बाबांचे गुडघे कसे आहेत ते धाकटीला खरं लिहायला सांगा. मागच्या पत्रात तिने ‘ठीक’ एवढंच लिहून विषय बदलला, तेव्हाच मला शंका आली.

बाबा, हे शहर तुम्ही बघायला हवं. बंदरावरचं जुनं जकातघर म्हणजे आमचं संग्रहालय. माल जोखायचा काटा एवढा मोठा आहे की त्याच्या एका पारड्यात आपलं स्वयंपाकघर बसेल. शेजारी दोरखंड वळायची पडवी आहे. तिच्या या टोकाला उभं राहिलं की त्या टोकाचा माणूस मुंगीएवढा दिसतो. गलबतांच्या लहान प्रतिकृतींच्या शिडांनासुद्धा खरी शिवण आहे. रोज बघते, तरी रोज थांबते.

पण माझा जीव जडलाय तो संग्रहालयाच्या दीपस्तंभावर, तिथेच मी पाहुण्यांना माहिती सांगते. आत दगडी गोल जिना आहे आणि मधे खांबच नाही! प्रत्येक पायरीचं एक टोक भिंतीत, दुसरं अधांतरी; पायरी टेकते ती फक्त खालच्या पायरीवर. पहिल्या दिवशी माझी चढायची छातीच होईना. दार इतकं बुटकं की मीही वाकून जाते. गर्विष्ठ कप्तानांनी मान झुकवावी म्हणून ते तसं ठेवलं, असं पुस्तिकेत आहे. मी मात्र दार निभावते आणि पहिल्याच पायरीला अडखळते. सगळेच अडखळतात. तिथला कठडा हातांनी गुळगुळीत झालाय.

आता काळजीचं लिहिते. दारावर दगडात कोरलंय, ‘पायऱ्या २१३’. पुस्तिकेतही तेच. मी मोजल्या, तर २१२ भरल्या. खडूने खुणा करत पाच वेळा मोजल्या. संग्रहालयाच्या मुख्य बाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या की पुस्तिकेत आहे तेच सांगायचं, मोजत बसायचं नाही. मी मान डोलावली आणि २१३ सांगत राहिले. पण गेल्या आठवड्यात एका पाहुण्यांनी पायऱ्या मोजल्या आणि तक्रारवहीत लिहून गेले की माहिती सांगणाऱ्या मुलीला साधं मोजता येत नाही, हिला शाळेत कोणी घातलं. बाबा, ती ओळ मला पाठ झाली आहे. मला शाळेत कोणी घातलं ते मला माहीत आहे.

पंचवीस तारखेला समिती माझ्यासोबत जिना चढणार आणि मला कायम करायचं की घरी पाठवायचं ते ठरवणार. दोनशे तेरा म्हणावं तर जीभ अडते, दोनशे बारा म्हणावं तर नोकरी जाते. काय करू ते कळवा.

माया आहे तशी ठेवा आणि गुडघ्यांना तेल लावा.

तुमची,
थोरली

ता. ११ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न.,

बाबा सांगताहेत आणि मी लिहिते आहे. मधेमधे माझंही घुसडणार आहे. टपालाच्या तिकिटाला जीभ माझीच लागते.

तुझं पत्र बाबांनी दोनदा वाचायला लावलं. अडखळायची ओळ तिसऱ्यांदा. मग भिंतीला टेकून हसायला लागले. आई म्हणाली, पोरीची नोकरी जायची वेळ आलीय आणि हे दात काढतायत. मी सांगितलं की ताईला मोजायची खोड जुनीच आहे, शाळेच्या वाटेवरचे खांब मोजताना ती एकदा खांबावरच आपटली होती. (हे माझं.)

बाबा म्हणतात, चाळीस वर्षं गवंडीकाम केलं, पण दगडात आकडा फुगवून कोरणारा गवंडी पाहिला नाही. कोरायला मनगट लागतं. फुशारकी तोंडाने मारणं स्वस्त पडतं. म्हणजे तोही खरा आणि तूही खरी. चांगल्या जिन्यावर माणूस अडखळत नाही, कारण पाय नेहमीच्या पायरीची उंची लक्षात ठेवून चालतो. सगळे एकाच जागी अडखळतात म्हणजे त्या पायरीची उंची वेगळी आहे. तुझ्या वितीने मोज, वरची एक आणि पहिली एक. पहिली निम्मी भरली, तर तिथली जमीन कोणीतरी नंतर वर उचलली आहे आणि एक अख्खी पायरी फरशीखाली आहे. दार त्यामुळेच बुटकं. कप्तानांच्या मानेसाठी कोणी दार बुटकं करत नाही, डोकी फुटली तर शिव्या गवंड्याला बसतात.

आणि ते म्हणतात, ती पायरी सोडून मोजायचं नाही. बाकीच्या सगळ्यांचा भार तिच्यावर आहे.

समितीपुढे काय बोलायचं ते मात्र तुझं तू ठरव, असं म्हणाले. गुडघे ठीक नाहीत. गेल्या महिन्यापासून काम बंद आहे. तुला कळवायचं नव्हतं, म्हणून मागच्या पत्रात नुसतं ‘ठीक’ लिहिलं. रागावू नकोस.

तुझ्या जिवाला जपणारी, तुझ्या जुन्या चपला वापरणारी,
धाकटी

ता. २६ फेब्रुवारी

ती. बाबा आणि ती. आई यांना सा. न. वि. वि.

बाबा, वरच्या पायऱ्या बरोबर एक वीत. पहिली जेमतेम चार बोटं! पत्र मिळालं त्या दिवशीच मोजली आणि जमिनीवर बसून रडले. झाडूवाल्या मावशींना वाटलं, मी पडले.

काल सकाळी समितीचे तिघे दारातून वाकून आत आले आणि ओळीने अडखळले. मी ठरवलेलं सगळं विसरले. एवढंच म्हटलं की दिसणाऱ्या पायऱ्या दोनशे बारा आहेत, पण दोनशे तेरा हा आकडा खोटा नाही, राहिलेल्या पायरीवर आपण उभे आहोत. मग वीत ठेवून दाखवली. मुख्य बाईंचा चेहरा दगड. हे पुस्तिकेत कुठे आहे, असं त्यांनी विचारलं. नाही, असं मी सांगितलं. मग कुठून कळलं, असं विचारल्यावर मी सांगितलं की माझे वडील गवंडी आहेत, त्यांना लिहितावाचता येत नाही, त्यांनी पत्रातून सांगितलं.

मला वाटलं, संपलं. सामान बांधायला खोलीतली दोरी पुरेल का, हेच मनात आलं. मग समितीतल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी जिन्यालगतची हलणारी फरशी उचलायला लावली. खाली वाळू, शंखशिंपले, आणि आठेक बोटं खाली पायरी. उधाणाचं पाणी आत येई म्हणून कोणीतरी फार पूर्वी जमीन उचलून घेतली असणार. वरच्या पायऱ्या मधे झिजून खोलगट झाल्यात. हिची धार मात्र काल घडवल्यासारखी. टाकीचे घाव मोजता येतात. (मी मोजले नाहीत. धाकटीला सांगा.) मुख्य बाई गुडघ्यांवर बसल्या आणि किती तरी वेळ तिच्यावरून हात फिरवत राहिल्या.

बाबा, मी कायम झाले. संध्याकाळी बाईंनी तक्रारवही उघडून त्या ओळीखाली स्वतःच्या हाताने लिहिलं की मुलीची मोजणी बरोबर होती, चूक आमची. ती फरशी आता परत बसवणार नाहीत, वर काच घालणार आहेत. काच बसायच्या आत तुम्ही या. दवाखानाही इथे चांगला आहे, आणि कायम झाल्यावरचा पहिला पगार कशासाठी ते मी ठरवून टाकलंय.

येण्याचं कळवा, वाट पाहण्याइतकी माया माझ्याजवळ आहे.

तुमची,
थोरली

ता. ५ मार्च

ती. ताईस सा. न.,

आईने पत्र देवापुढे ठेवलं, मग परत उचलून सगळ्या आळीत फिरवलं. संध्याकाळी बाबांनी मला ओळंबा आणि छोटी टाकी पिशवीत भरायला सांगितली. मी म्हटलं, बघायला जायचंय, बांधायला नाही. तर म्हणतात, गवंड्याकडे रिकाम्या हाताने जाऊ नये.

रविवारच्या गाडीने आम्ही तिघं येतो आहोत. बाबांनी लिहायला सांगितलं आहे की दोनशे बारा आता त्यांच्याच्याने होणार नाहीत, त्या तू चढ. त्यांना एकच बघायची आहे.

भेटीअंती बाकीचं,
धाकटी