घरचा पोट्टा

३ फेब्रुवारी
वही उघडायची, परत मिटायची — महिना असाच घालवला. निमित्त काय तर उजवा हात. आंधळगावच्या राईस मिलमध्ये पट्ट्यात सापडला, दोन बोटं गेली. आता ताईकडे लाखांदूरला पडून आहे, डाव्या हातानं लिहून राहिलो. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय!

पण टाळत होतो ते बोटांमुळं नाही. भय्याजींबद्दल लिहावं लागेल म्हणून.

४ फेब्रुवारी
मी टिकलो कुठं? नागपूरचा ढाबा सोडला, गोंदियात मंडप बांधले. एकदा आंबागडचा किल्ला पाहायला उतरलो तो तेंदूपत्ता तोडायलाच राहिलो — जंगलात मोहाचा काय वास! असो.

मिलमध्ये टिकलो. कारण मालक भय्याजी पाठीवर हात टाकून म्हणायचे, "तू मजूर थोडीच आहे बे! तू तं घरचा पोट्टा." मी फुगायचो. हमाल परसराम चिडवायचा, "चालला जावई जेवाले!" जेवण खरंच त्यांच्या घरचं. त्यांची आई आनंदाबाई रोज दाराबाहेरच्या ओट्यावर ताट आणून द्यायची. तशी वांग्याची भाजी मी दुसरीकडे खाल्ली नाही.

१९ फेब्रुवारी
भंडाऱ्याला वकिलीण खुशबू मॅडमकडे गेलो. मिलमधल्या सगळ्यांचा अपघात विमा आहे. माझा नाही! घरच्या पोट्ट्याचं नाव मजुरांत कायले?

मॅडम म्हणाल्या, "विमा मालकाच्याही कामाचा असतो. तुझं नाव टाकलं असतं तर भरपाई कंपनीनं दिली असती. आता त्यांच्या खिशातून जाईल. म्हणून हे बघ."

मॅडमनी पाठवलेल्या नोटिशीला भय्याजींचं उत्तर — हा कामावर नव्हताच, घरचा मुलगा, सहज मिलमध्ये फिरत होता.

सहज! पोत्यांनी खांदा सोलला तो सहज!

"तू कामाला होतास, एवढं सांगणारा एक माणूस आण."

२० फेब्रुवारी
परसरामला फोन. "भाऊ, मले बी लेकरं आहेत." ठेवला.

२ मार्च
राहवलं नाही. भय्याजींनाच फोन लावला. "काका, मी तुमचा कोण लागतो?"

"घरचाच ना बे!" हसले. हसले!

२० एप्रिल
उद्या कोर्टात भरपाईच्या दाव्याची तारीख. साक्षीदार नाही. कामिनीताई म्हणते, "जाय तं खरा." मला मात्र कुठलीही एसटी पकडून निघून जावंसं वाटतंय. पिशवी भरलीसुद्धा.

संध्याकाळी
ताई अंगणातून ओरडली, "कोणी म्हातारी आली रे!"

आनंदाबाई. एकटीच, एसटीनं. पाणीही घेईना.

"उद्या मी येतो साहेबासमोर. इचारतो भय्याले — घरचा होता तं याले मी ओट्यावर काहून वाढत होतो?"