दारातली दही-साखर

आई, आज सकाळी उपाशीपोटी रक्त देऊन आले. चाळिशीनंतर आम्हा पायलटांची मेडिकल तपासणी लवकर लवकर येते, आणि सुई टोचणारा माणूस दर वेळी विचारतो, सकाळपासून काही खाल्लंय का? मी नाही म्हणते. खरंच काही खाल्लेलं नसतं, तरी कान गरम होतात. तू न पाहिलेल्या, विमानतळाजवळच्या या देवनहळ्ळीच्या घरात आता चहा घेऊन बसले आहे आणि तुला लिहिते आहे.

लायसन्स हातात आणि नोकरी नाही, अशी ती वर्षं होती. कंपन्यांना अनुभव असलेले पायलट हवे होते आणि तो अनुभव द्यायला कोणीच तयार नव्हतं. मी मल्लेश्वरमला शाळेच्या मुलांना गणित शिकवायला जायचे. संध्याकाळी चामराजपेटच्या आपल्या गल्लीत शिरताना मान खाली घालायचे, कारण पिठाच्या गिरणीपाशी कोणीतरी विचारायचंच. समोरच्या अक्का एकदा पीठ चाळता चाळता म्हणाल्या होत्या, "काय गं, तुझं विमान अजून पंक्चरच का?" तू दारातूनच उत्तर दिलंस, "अक्का, चाक मोठं आहे. वेळ लागतो." सगळ्या हसल्या. मला अक्कांच्या प्रश्नापेक्षा तुझ्या उत्तराचीच जास्त लाज वाटली. तुझं ते पातळ, तो आवाज, माझी बाजू घेणं, सगळ्याचीच.

मग एका कंपनीचं बोलावणं आलं. अट एकच होती, माझ्या मेडिकलची मुदत संपत आली होती, ती नवी करून त्यांच्या तारखेच्या आत दाखवायची. आदल्या दिवशी मी तुला बजावलं की तपासणी होईपर्यंत मला पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही. सकाळी तू दह्याची वाटी झाकून फळीवर ठेवून दिली होतीस. रिकाम्या हातांनी दारापर्यंत आलीस. मी चपला घातल्या, उंबऱ्यावर थांबले, आणि काय झालं कुणास ठाऊक, परीक्षेच्या दिवशी करायचे तसा उजवा हात तुझ्यापुढे धरला. तू म्हणालीस, "अगं, उपाशी जायचंय ना?" मी म्हटलं, चमचाभरानं काय होतं. इतकी घाबरले होते मी. तू वाटी आणलीस, तळहातावर दही-साखर ठेवलीस, मी ती चाटून खाल्ली आणि रिक्षात बसले.

तिथं डॉक्टरांनी मला तोच प्रश्न विचारला. पायलटनं डॉक्टरसमोर खोटं बोलायचं नाही एवढं मी शिकले होते, म्हणून खरं सांगितलं. डॉक्टर हसले, दही घरी गेल्यावर खायचं होतं म्हणाले, आणि पुढची तारीख दिली. ती कंपनीच्या तारखेनंतरची होती. मी फोन करून मुदत मागून पाहिली. त्यांच्याकडे रांग लागलेली होती.

डॉक्टरसमोर न बोललेलं खोटं मी घरी येऊन बोलले. अण्णा आणि धाकटा भाऊ जेवत होते, तू पोळ्या लाटत होतीस. मी म्हटलं, "नको नको म्हणत होते, तरी आईनं भरवलं. तिच्या शकुनानं माझी नोकरी गेली." अण्णा तुझ्यावर चिडले. माझ्या शिकलेल्या पोरीला तुझे हे खेळ कशाला, म्हणाले. तुझं लाटणं थांबलं. आता तू सांगशील, असं मला वाटलं. तू माझ्याकडे पाहिलंस आणि तुझ्या कानडी वळणानं म्हणालीस, "सरी, बरं. चुकलं माझं." मग पुन्हा लाटायला लागलीस, आणि पहिली गरम पोळी माझ्याच ताटात टाकलीस.

त्यानंतर आपल्या घरात कुणाच्याच हातावर दही-साखर पडली नाही. धाकट्याची परीक्षा आली, तो थांबला, तू त्याला नुसतंच जा म्हणालीस. आणखी दोन वर्षं वाट पाहिल्यावर मला नोकरी लागली. पहिल्या उड्डाणाला निघाले तेव्हा नवा पांढरा शर्ट घालून मी उंबऱ्यावर उभी आहे, तू समोर, दोन्ही हात पदराखाली. हात पुढे करावा, एवढंच करायचं होतं. अण्णा पाहत होते. तू म्हणालीस, "स्वल्प सावकाश जा." मी येते म्हटलं आणि गाडीत बसले. पुढे तू अंथरुणाला खिळलीस तेव्हाही, अगदी तू जाईपर्यंत, मी तुझ्याशी औषधांचंच बोलत राहिले. अण्णा गेले तेही तुझा शकुन बाधला असंच मानून. धाकटा अजून चारचौघांत हा किस्सा हसत हसत सांगतो, आणि मीही हसते.

हे कुठं पाठवायचं, ते मला माहीत नाही. धाकट्याला वाचायला द्यावं, तर तेवढा धीर आज तरी नाही. मघाशी फ्रिजमधून दही काढलं, साखर घातली, पण आपल्याच हातानं आपल्या हातावर ठेवता येईना. वाटी तशीच आत ठेवून दिली. एक मात्र सांगते. ड्यूटीला निघताना दारात अजूनही माझा उजवा हात जरासा पुढे येतो. कुणी पाहू नये म्हणून मी त्याच हातानं दार ओढून घेते.