पालाशची पोती

लालबाग, मुंबई
शनिवार, २४ मे २०२५

प्रिय अवधूतदादा,

नमस्कार. वहिनीलाही सांग. आम्ही इकडे बरे आहोत. प्रितीची पाठ धरते अधूनमधून, स्पृहाचा बारावीचा निकाल चांगला लागला. तुझ्या गोळ्या वेळेवर चालू आहेत ना? सकाळी चालायला जातोस, की वहिनीला नुसता 'जातो' म्हणतोस?

हातात फोन असताना हा हितू पत्र कसलं लिहितोय, असं म्हणशील. बागेतल्या कुशाबाचं नाव काढलं की तू फोन ठेवतोस, म्हणून. आणि खरं सांगू, तू फोन ठेवलास की मला सुटल्यासारखं वाटतं. दोन वेळा झालं तसं. तिसऱ्यांदा नको.

आधी आंब्याचं सांगतो. आपल्या बागेची पहिली पेटी दरवर्षीप्रमाणे आपल्या मजल्याच्या गॅलरीत फोडली, प्रत्येक घरी दोन-दोन फळं. फळ असं दांडगं की रघुवीरकाका म्हणाले, या वर्षी देवगडवाल्यांनी कमाल केली. तिथेच सुरी मागवून कापलं त्यांनी. आत कोयीभोवती पांढरा, भुसभुशीत साका. दुसरं कापलं, तेच. काका एवढंच म्हणाले, "असू दे रे, होतं कधी कधी." मला त्यांच्याकडे बघवेना.

पण दादा, मला ते आधीच कळलं होतं. पाडव्याला गावी आलो तेव्हा झाडं बघितली होती ना आपण? नुसता पाला. मोहर यायच्या वेळी पालवी फुटलेली. तू म्हणालास, हवामान. मी बागेत एकटाच फिरलो, पानं तोडून पिशवीत घातली आणि इकडे येऊन तपासून घेतली. रिपोर्टमध्ये नत्र भरमसाट, पालाश नावाला, चुना त्याहून कमी. तपासणाऱ्या बाईंनी समजावलं. झाडाला नुसता युरिया मिळाला की ते पानं वाढवत बसतं. मोहर कमी, आणि जी फळं धरतात ती फुगतात, पण आत भरत नाहीत. गोडी आणि टिकाऊपणा यायला पालाश लागतं. चुना कमी पडला की साका वाढतो. एक जास्त घातलं म्हणून दुसऱ्याची भरपाई होत नाही, असं बाई दोनदा म्हणाल्या. माझं तोंड बघून म्हणाल्या असाव्यात.

आता ऐक. गेल्या वर्षी या दिवसांत तू परळला बायपास करून पडला होतास. नाकात नळी, आणि मला खुणेने विचारत होतास की खत पोचलं का. तुझ्या वहीत झाडागणिक हिशोब लिहिलेला. मी दुकानात फोन लावला. दुकानदार म्हणाला, पालाश आठ दिवसांनी येईल. पाऊस तोंडावर, तू असा पडलेला, माझं डोकं फिरलेलं. मी म्हटलं, पालाशच्या जागी युरियाच पाठव, पोती तेवढीच भर. मुंबईत बसून बागायतदारी करायची हौस ना मला! खत म्हणजे खत, असं मला वाटलं होतं. ऑक्टोबरच्या हप्त्यालाही, तुला अजून बागेत उतरायची बंदी असताना, तीच ऑर्डर दिली, कारण आता बदललं तर पहिलं उघडं पडेल. आणि तुला सांगितलं, सगळं वहीप्रमाणे आलं.

कुशाबाला वाचता येत नाही. आलेली पोती त्याने आळ्यात घातली, तीस वर्षं घालतोय तशी. गेल्या महिन्यात तू त्याला विचारलंस, पालाश घातलंस की विकलंस? तो म्हणाला, आलं ते घातलं. तू त्याला बागेतल्या खोपीतून काढलंस. मग मला फोन करून म्हणालास, "घरच्यासारखा ठेवला आणि हे केलं त्याने." तेव्हा रिपोर्ट माझ्या खिशात होता, दादा. मी म्हटलं, "हं." एवढंच म्हटलं. तू बायपासनंतर कसाबसा उभा राहिलायस, भावाने बाग नासवली हे कसं सोसशील, असं मी स्वतःला समजावत होतो. खरं म्हणजे मी घाबरलो.

गेल्या रविवारी शिवडीला गेलो होतो. तो रुपालीकडे, म्हणजे त्याच्या लेकीकडे, राहतोय. गोडाऊनच्या लाइनीत एक खोली, माणसं पाच. दिवसभर तो बाहेर पायरीवर बसतो. ट्रकमधून पोती उतरली की उठून हमालाला विचारतो, "ह्येच्यार काय लिवलाहा?" रुपाली म्हणाली, रोज हेच, पोत्यावर काय लिहिलंय म्हणून विचारतात, लोक हसतात त्यांना.

मी त्याला सगळं सांगितलं. रिपोर्ट दाखवला, फोनमधली ऑर्डर वाचून दाखवली. रुपाली रडली, मला चहासुद्धा विचारला नाही तिने, बरोबरच केलं. पण कुशाबा मान हलवत राहिला. म्हणाला, "धाकल्यानू, तुमी माका बरा वाटाचा म्हणान बोलतास. दादा कधी खोटा बोलले नाय. माझ्याच हातान काय तरी इसारला." मी शपथ घेतली. त्याचा विश्वास बसेना. तू चोर म्हणालास, ते त्याने खरं धरलंय. आता त्याला वाटतं, म्हातारपणी आपल्याला आपलंच आठवत नाही.

माझ्या बोलण्याने काही होत नाही, दादा. त्याला फक्त तुझं पटेल. तू ये, नाहीतर फोन कर. रुपालीचा नंबर पाकिटात घातलाय. पोस्टाला उशीर लागला तर तो तोवर त्या पायरीवरच बसलेला असेल. मी रोज जाऊन बघू शकतो, त्यापलीकडे माझ्या हातात काही नाही.

माझ्याशी बोलू नकोस हवं तर. बागेत पाऊल टाकू नको म्हणालास तरी ऐकेन.

निघताना त्याने माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाला, "दादांका सांगा, कुशाक माफ करा." मी ते तुला सांगत नाही. ती माफी मागायची पाळी त्याची नाही.

ती मागणारा, तुझा धाकटा भाऊ,
हितेंद्र