राजी म्होरं

तालुका कोरेगाव
ता. ४ मे १९९७

प्रिय लालासाहेब,

आईचं पत्र बघून दचकू नकोस, सगळी बरी हाय. म्हस व्याली, रेडी झाली. गुडघा दुखतोय, त्याचं काय नवल न्हाई. दुसरीपतूर शिकलेली मी, पण हे पत्र कुणाकडनं लिवून घेतलं न्हाई, का ते शेवटाला कळंल. आधी आनंदाचं सांगते. आपली राजी जरंड्याचा डोंगर चढली. पार वरपतूर. मारुतीला नारळ फोडला आन तिनं खोबरं कुणाला दिलं न्हाई, सगळं एकटीनं खाल्लं.

खोटं वाटंल तुला. तू पोरीला माझ्या वटीत टाकून सांगलीला बिऱ्हाड केलंस, तवा ती तीन वर्सांची असून उभी राहत नव्हती. आता अकराची झाली.

साताऱ्याची वल्लरी म्हणून एक पोरगी हाय, कालिजात शिकवते. ती आन तिच्यासंगतीची पंधरा-वीस माणसं, कोण बँकेतला, कोण कंपौंडर, महिन्यातनं एक रविवार राजीसारख्या पोरांना डोंगरावर नेत्यात. कुणाला दिसत न्हाई, कुणाला ऐकू येत न्हाई, कुणाचं डोकं हळू चालतं. पगार न्हाई, काय न्हाई, वर आपल्याच डब्यातलं पोरांना चारत्यात. संक्रांतीनंतर पैल्यांदा आली तवा मी भांडलेच. म्हटलं, डावा पाय वाकडा हाय, पडली तर हिच्या बापाला काय सांगू? शेवटी मीबी संगती येणार, या बोलीवर सोडली. आता वाटतं, बाप कवा इचारणार व्हता.

त्यांची एक रीत हाय. सगळ्यात हळू चालणारं पोर सगळ्यांच्या पुढं. त्याला मागं टाकून कुणी पाऊल टाकायचं न्हाई. राजी सगळ्यात हळू. म्हणून वल्लरी हाळी द्यायची, "राजी पुढं", आन चाळीस माणसं माझ्या नातीच्या मागनं चालायची. ती थांबली की सगळी थांबायची. एकदा मधीच मुंग्यांची रांग बघत बसली, तर तो बँकेतला साहेबबी चष्मा सावरत मुंग्या बघाय लागला. मी हसून हसून धोंड्यावर टेकले. आता घरातबी तिचं तेच. दळण आणाय निघालो की उंबऱ्यात मला आडवी व्हऊन म्हणणार, "राजी म्होरं". पुढं म्हणाय तिला जमत न्हाई, म्होरं जमतं. ह्याच गावची हाय ना.

तिथं परत्येकाच्या छातीवर नावाची कापडी पट्टी टाचत्यात. राजी ती झोपतानाबी काढू देत न्हाई. बघून बघून आपलं नाव वळखाय लागली. मग वल्लरीनं हातात खडू दिला. दोन महिनं 'र' उलटा येत व्हता, आता सुलटा येतो. एवढी मोठी पोर, त्यात काय कौतुक, म्हणशील. म्हण.

तर आता तुझ्या थोरलीच्या, विजूच्या लग्नाच्या पत्रिका. गावाकडं वाटाय सोप्या म्हणून तू त्या कोरेगावला छापल्यास. गठ्ठा घरी आला तशी राजी एक घेऊन बोट फिरवत बसली. खाली पोरांची किलबिल छापलीया, 'आमच्या विजूताईच्या लग्नाला यायचं हं'. तिथं राजीचा भाऊ, आपला ऋषिराज हाय. तुझ्या मेव्हण्याची ऋचाबी हाय, दोन महिन्यांची, अजून मान धरत न्हाई, ती कुणाला या म्हणणार? राजीचं बोट दोनदा त्या ओळीवरनं गेलं. मग ती माझ्याकडं बघत बसली.

मला वाटलं, छापखान्याची चूक. तशीच कोरेगावला गेले आन छापखान्यातल्या भाऊसोला चार लोकांत बोलले, नवरीची सख्खी बहीण कशी विसरलास म्हणून. तू दिलेला कागद काढून त्या बिचाऱ्यानं माझ्याम्होरं ठेवला. ऋषिराजच्या आधी राजीचं पुरं नाव, राजनंदिनी, लिवलेलं, आन त्याच्यावर लाल रेघ. एक न्हाई, दोन. तुझं अक्षर मला दुसऱ्यानं सांगाय लागत न्हाई. तू मिलिटरीत व्हतास तवा तुझीच पत्रं लावून लावून मी धड वाचाय शिकले.

भाऊसोची माफी मागून घरी आले, तर शेजारच्या शालूबाईनं उरलेलं सांगितलं. बैठकीत तू दोनच पोरं सांगितलीस. लग्नाच्या दिवशी राजीला शालूबाईकडं ठेवायचं, हेबी तिच्याशी ठरवून गेलास, मला तेवढं शेवटाला कळवणार व्हतास. शालूबाई म्हणाली, बापाचं काळीज हाय, थोरलीचं मोडू नये म्हणून केलं. असंल. विजूबी माझीच नात, तिचं वाईट मला बघवंल व्हय? पण बहीण बघून जे सासर सोयरीक मोडतंय, तिथं उद्या विजूला असं पोर झालं तर ती ते कुठं टाकंल? तुझ्या आईची वटी काय जल्मभर पुरणार हाय?

पाकिटात ती पत्रिका घातलीया. किलबिलीच्या खाली राजीनं आपल्या हातानं नाव लिवलंय. जागा पुरली न्हाई म्हणून कार्यालयाच्या पत्त्यावर चढलंय. त्याच्यावर रेघ मारायची असंल तर तिच्या डोळ्यांदेखत मार.

आमी दोघी लग्नाच्या दिवशी, अठरा तारखेला, पैल्या यष्टीनं सांगलीला येतोय. चौदा दिवस हायेत. व्याह्यांना तूच आधी सांग, एवढ्यासाठी हे पत्र, आन तुझी लाज दुसऱ्याच्या हातनं लिवून घेऊ नये म्हणून माझं वाकडं अक्षर. न्हाई सांगितलंस तरी आमी येणार. मांडवात कुणी इचारलं ही कोण, तर मी गप बसंन. ते तू सांगायचंस. नव्या परकरावर पट्टी टाचलेली असंल आन दारातनं आत येताना राजी म्होरं असंल. मी तिच्या मागं. तू कुठं उभा ऱ्हायचं ते तुझं तू बघ.

तुझीच, आन तिचीबी,
आई