टाकीतली माती बदलायची आहे

प्रिय अहो,

तुमच्या माशांच्या टाकीतली माती बदलायची आहे आणि मी घाबरले आहे, म्हणून हे लिहायला बसले. दुसऱ्या कोणाला सांगू? शेजारणींशी बोलले तर म्हणतील, नवरा जाऊन वर्ष झालं नाही आणि हिला माशांचं पडलंय.

परवा पाणी बदलताना काचेतून तळाकडे बघितलं. माती पार काळी पडलीय. एक रोप जरा हलवलं तर खालून बुडबुडे आले आणि सडक्या अंड्याचा वास सुटला. एंजल माशांची म्हातारी जोडी वर येऊन तोंडं उघडझाप करत राहिली. निम्मं पाणी काढून नवीन घातलं तेव्हा कुठे ती खाली गेली. मोबाईलवरच्या व्हिडिओत एक जण सांगतो, अशी माती ठेवली तर मासे मरतात. दुसरा सांगतो, ती एकदम ढवळून काढली तरी मरतात. मग माणसानं करायचं काय?

तुम्ही ही माती आणली होतीत कुठून? बोटीवरची नोकरी सोडून आलात आणि ही टाकी मांडलीत, तेव्हा मी दहादा विचारलं असेल. "तुला काय करायचंय? मी आहे ना," हे तुमचं ठरलेलं उत्तर. आता सांगा की! टाकीचा पंप आणायला म्हणून हातखंब्याला गेलात आणि तिथूनच तुम्हाला दवाखान्यात नेल्याचा फोन आला. तेव्हापासून फोन वाजला की मी दचकते. हल्ली टाकीतला पंप जरा वेगळा घुमला तरी दचकते.

नुसत्या माशांचं असतं तर इतकी भ्याले नसते हो. भीती आप्पांची आहे. तुम्ही गेल्यावर तुमचे वडील जेवेनात. ताटावर बसायचे आणि भातात बोटं फिरवून उठायचे. मग एक दिवस त्यांनी स्वतःच माशांना दाणे टाकले, ते खातात का हे बघत उभे राहिले आणि येऊन अर्धी भाकरी खाल्ली. तेव्हापासून आधी मासे, मग आप्पा. "ते खातायत तवर मी पण खाईन," असं मला तोंडावर म्हणाले आहेत. आता माझ्या हातून मासे गेले, तर ह्या माणसाला मी जेवायला कसं घालू?

शहरातल्या दुकानात विचारून आले. काळ्या दाण्यांची तयार माती मिळते, रोपांना उत्तम. पण सुरुवातीला ती पाण्यात अमोनिया सोडते, तेव्हा काही आठवडे मासे दुसरीकडे ठेवा, असं दुकानदार म्हणाला. दुसरीकडे म्हणजे कपडे भिजवायच्या टबात? त्या वयाचे मासे तिथे टिकतील? मालगुंडहून तुमची बहीण म्हणते, समुद्राची वाळू घाल, किनारा काय थोडा आहे! त्या वाळूत शिंपल्यांचा चुरा, पाणी जड होईल, ते ह्या माशांना सोसायचं नाही. मळ्यातली माती घ्यावी तर तिच्यात भाताला मारलेला युरिया. जिकडे हात घालावा तिकडे मरण दिसतंय मला.

आणि काल सकाळी आप्पा घमेलं घेऊन आत आले. ह्या वयात, मला न सांगता, खाली बागेत उतरून आले होते. तांबडी माती, खडे वेचून, चाळणीनं चाळलेली.

"आपल्या जुन्या कलमाखालची हाय. विकतची कशाला गो बाय?"

इतक्या दिवसांत त्यांच्या चेहऱ्यावर असं हसू मी पाहिलं नव्हतं. आणि नेमकं मला आठवलं, आपली आंब्याची बाग कराराने घेतलेला ठेकेदार दर वर्षी मोहोर यावा म्हणून कलमांच्या बुंध्याशी औषध ओततो. त्यानं झाडाची पालवी थांबते. टाकीतल्या रोपांचं काय होईल? माशांचं? मला ठाऊक नाही, आणि ठाऊक नाही म्हणूनच अंगावर काटा आला.

आप्पांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या होत्या. मी मध्ये जाऊन टाकीवर दोन्ही हात आडवे धरले. तुमच्या वडिलांसमोर मी असं कधी केलं होतं का?

"आप्पा, नको. ह्या मातीत ठेकेदाराचं औषध आहे."

आप्पांनी घमेलं खाली ठेवलं आणि ते पडवीत जाऊन बसले. मला वाटलं, झालं, आता हे जेवत नाहीत. मी मागून गेले. म्हटलं, पऱ्याच्या काठची माती आणू, तिथे ओढ्याच्या कडेला कोणी काही घालत नाही. चाळू, भिजवू, उन्हात वाळवू, वर नदीची जाड वाळू पसरू. आधी बरणीत एक रोप लावून बघू. मासे मी मरू देणार नाही.

"माशांसाठी मी भ्यालो नाय," आप्पा म्हणाले.

"मग?"

"ही टाकी बंद पडली की तुला हितं काय काम? तू पोफळीला भावाकडे जाशील. मग ह्या घरात मी कोणाशी बोलू?"

माझा भाऊ दर रविवारी फोनवर "इकडे ये" म्हणतो आणि मी "बघते" म्हणते. ते आप्पा पडवीत बसून ऐकत असतात हे माझ्या लक्षातच आलं नाही. खरं सांगू? जायचं मनात आलं होतं. ह्या घरात मला एकटीला भीती वाटते. आणि भिंतीपलीकडे हा म्हातारा माणूस दर रविवारी माझं उत्तर ऐकायला कान लावून बसत होता, मी जाते म्हणेन ह्या धास्तीनं.

उद्या आम्ही दोघं पऱ्यावर जाणार आहोत. अजून माझी भीती गेलेली नाही, ती लगेच जायचीही नाही. मासे जगले तर चांगलंच. नाही जगले तर आप्पांच्या शेजारी माझंही ताट वाढीन आणि ते जेवल्याशिवाय मी घास घेणार नाही. आणि रविवारी भावाचा फोन आला की पडवीत उभी राहून, आप्पांना नीट ऐकू जाईल अशा आवाजात सांगेन, मी कुठेही येत नाही. हा तुम्हाला शब्द.

तुमच्या घरातच असलेली,
शैला